मोटारीतील संगीत आणि आकड्यांची करामत

मोटारीत बसून गाणे ऐकण्याचा प्रसंग आला, तर एक गोष्ट मुद्दाम पाहा. गाडी उभी असू द्या, काचा बंद असू द्या आणि तुम्ही पुढच्या सीटवर बसा. आता डोळे मिटून गायकाचा आवाज कोणत्या दिशेने येतो ते ओळखा. घरी दोन स्पीकर समोर ठेवून त्यांच्यापासून सारख्या अंतरावर बसले, तर गायक दोहोंच्या मधोमध उभा असल्यासारखा वाटतो. साध्या मोटारीत असे होत नाही. उजव्या सीटवरच्याला गायक उजव्या दारात दडून बसल्यासारखा वाटतो, तर डाव्या सीटवरच्याला तोच गायक डाव्या दारात असल्याचा भास होतो. डग्ग्याचा एखादा घुमारा अंगावर येतो, तर दुसरा जेमतेम ऐकू येतो.

अशा वेळी पुष्कळ लोक दुकानात जाऊन अधिक किमतीचे स्पीकर बसवून घेतात. आवाज मोठा होतो, थोडा स्वच्छही होतो. पण गायक काही दारातून बाहेर पडत नाही. कारण दोष बहुतेक वेळा स्पीकरचा नसून बसण्याच्या जागेचा आणि मोटारीच्या आतल्या पोकळीचा असतो. हा दोष कमी करण्यासाठी हल्ली ध्वनियंत्रणेत एक लहानशी चिप बसवतात. ती आवाजाच्या आकड्यांवर गणित करते आणि मग ते आकडे स्पीकरकडे पाठवण्याची व्यवस्था होते. या कामाला ‘अंकीय संकेत प्रक्रिया’ म्हणतात. दुकानातले कारागीर इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘डीएसपी’ म्हणतात. या गणिताचा पाया म्हणजे तुम्ही शाळेत शिकलेली बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार. ते कसे चालते आणि त्याची शक्ती कोठे संपते, ते आता पाहू.

मोटार नावाची खोली

गाणे ऐकण्यासाठी मोटार ही फारच अडचणीची खोली आहे. काचा आवाज परत फेकतात, तर गाद्या तो शोषून घेतात. खोली इतकी लहान की प्रत्येक परावर्तन क्षणार्धात कानाशी येऊन पोहोचते. त्यातून ऐकणारा कधीही मध्यभागी बसत नाही. तो एका बाजूलाच बसतो.

थोडे आकडे घेऊ. हवेचे तापमान २० अंश सेल्सिअस असताना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. म्हणजे एका मिलिसेकंदात, सेकंदाच्या हजाराव्या भागात, ध्वनी ३४.३ सेंटिमीटर जातो. आपल्याकडील मोटारीत चालक उजवीकडे बसतो. समजा, त्याच्या डोक्यापासून उजव्या दारातला स्पीकर ९० सेंटिमीटर आणि डाव्या दारातला १५० सेंटिमीटर दूर आहे. फरक ६० सेंटिमीटरचा झाला. ६० ला ३४.३ ने भागले की सुमारे १.७५ येतात. म्हणजे डावीकडचा आवाज चालकाकडे १.७५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो.

एवढ्याशा उशिराने काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. दोन गोष्टी बिघडतात. पहिली गोष्ट दिशेची. आपल्या दोन कानांत जे अंतर आहे, त्यामुळे बाजूने येणारा आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा आधी ऐकू येतो. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद एवढाच असतो आणि त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. शिवाय, एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या मिलिसेकंदांच्या फरकाने आला, तर मेंदू त्याचे दोन आवाज करीत नाही. जो आधी आला त्याच्याच दिशेने सगळा आवाज आला असे ठरवून टाकतो. जर्मनीतील हेल्मुट हास यांनी १९४९ साली या गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणून तिला ‘हास परिणाम’ असेही म्हणतात. चालकाला गायक उजव्या दारात का सापडतो, याचे उत्तर येथे आहे.

दुसरी गोष्ट व्यतिकरणाची. एका तरंगाचा उंचवटा आणि दुसऱ्याचा खळगा एकाच वेळी एका ठिकाणी आले, तर दोघे एकमेकांना मारतात. दोन वाटांतील फरक ६० सेंटिमीटर असेल, तर ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी ६० सेंटिमीटर आहे, तो स्वर चालकाच्या डोक्यापाशी क्षीण होईल. त्याची पूर्ण तरंगलांबी १.२ मीटर, ३४३ भागिले १.२ म्हणजे वारंवारता सुमारे २८६ हर्ट्झ. माणसाच्या गाण्यातले कितीतरी स्वर याच्या आसपास असतात. तेव्हा गायकाचा काही भाग केवळ बसण्याच्या जागेमुळे नाहीसा होतो.

खर्जातील स्वरांची तऱ्हा आणखी निराळी. ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेआठ मीटरांहून जास्त असते. एवढी लांब लाट मोटारीत मावत नाही. मग स्पीकरचा पडदा आतील सगळी हवा पेटीच्या भात्याप्रमाणे एकदम दाबतो आणि सोडतो. त्यामुळे मोटारीत अगदी खालचे स्वर मोकळ्या मैदानापेक्षा पुष्कळ मोठे वाटतात. त्यांच्या वरचे काही स्वर मात्र काचा आणि छत यांच्यामध्ये घुमतात किंवा मरतात. कोणते घुमतील आणि कोणते मरतील, हे प्रत्येक गाडीच्या आकारावर अवलंबून असते.

आकड्यांच्या आधीचा प्रयत्न

मोटारीचा आकार बदलता येत नाही. मग संगीतच त्या आकाराला जुळवून घेतले तर? ही कल्पना आकड्यांच्या आधीची आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक अमर बोस यांनी १९६४ साली ध्वनियंत्रणा बनवणारी कंपनी काढली. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस बंगालमधील स्वातंत्र्य चळवळीत होते आणि पुढे अमेरिकेत गेले. बोस यांच्या कंपनीने जनरल मोटर्सबरोबर काम करून १९८३ सालच्या कॅडिलॅक सेव्हिल व आणखी काही गाड्यांसाठी संगीतयंत्रणा दिली. तिचे वैशिष्ट्य असे की, ती त्या-त्या गाडीच्या अंतर्भागासाठी मुद्दाम जुळवलेली होती. जो स्वर गाडीत घुमतो तो आधीच कमी करायचा आणि जो दबतो तो थोडा उचलायचा, असे तिचे तत्त्व होते.

त्या काळी ही जुळणी रोध, धारित्र यांसारख्या विद्युत घटकांच्या मंडलांनी करीत. मंडल एकदा बनले की बनले. गाडी बदलली, सीटचे कापड बदलले, तर मंडलही बदलावे लागे. आवाजाला दीड-दोन मिलिसेकंद थांबवून ठेवणे तर अशा मंडलांना फारच कठीण. तारेतून विद्युतसंकेत इतक्या वेगाने धावतो की त्याला एवढा उशीर करण्यासाठी शेकडो किलोमीटर तार लागेल. हे काम आकड्यांनी सोपे केले.

आवाजाचे आकडे कसे होतात?

मायक्रोफोनमध्ये आवाजाचे रूपांतर कमी-जास्त होणाऱ्या विद्युतदाबात होते. हा दाब ठरावीक काळाने मोजून त्याची नोंद करीत गेले, की आकड्यांची रांग तयार होते. रुग्णाचा ताप दर दोन तासांनी तक्त्यावर लिहितात ना, तसेच हे. फरक एवढाच की येथे सेकंदाला हजारो नोंदी होतात.

किती नोंदी पुरेत? हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखांतून याचा नियम स्पष्ट झाला. आवाजात जी सर्वांत मोठी वारंवारता असेल, तिच्या दुपटीहून अधिक नोंदी दर सेकंदाला घेतल्या पाहिजेत. त्याहून कमी घेतल्या, तर चित्रपटात जोरात धावणाऱ्या टांग्याचे चाक जसे उलटे फिरताना दिसते, तसा भलताच स्वर ऐकू येतो. माणसाचा कान सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदाला ४४,१०० नोंदी घेतलेल्या असत आणि प्रत्येक नोंद ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेली असे. आज मोटारींतील अनेक यंत्रणा सेकंदाला ४८,००० नोंदी वापरतात. आपण हाच आकडा घेऊन चालू.

पहिली युक्ती : रांगेत थांबवणे

आता आपल्या चालकाकडे वळू. उजवा स्पीकर त्याला फार जवळ आहे. तो उचलून ६० सेंटिमीटर मागे नेता आला असता, तर प्रश्न सुटला असता. पण तेथे दार संपते आणि रस्ता सुरू होतो. मग स्पीकर जागेवरच ठेवून त्याचे आकडे थांबवायचे. १.७५ मिलिसेकंदांत ४८ × १.७५ म्हणजे ८४ नोंदी होतात. तेव्हा उजव्या स्पीकरकडे जाणारा प्रत्येक आकडा आधी ८४ घरांच्या रांगेत उभा करायचा. नवा आकडा मागून आत येतो, सगळे एकेक घर पुढे सरकतात आणि पुढचा बाहेर पडतो. एवढेच! आता दोन्ही बाजूंचा आवाज चालकाकडे एकाच वेळी पोहोचतो. गायक दारातून निघून समोरच्या काचेच्या मध्याकडे सरकतो आणि २८६ हर्ट्झच्या आसपासचा हरवलेला स्वरही परत येतो.

एका घराचा उशीर म्हणजे किती अंतर? ३४३ मीटर भागिले ४८,०००, म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. पान्याला हात न लावता स्पीकर सात-सात मिलिमीटरने ‘सरकवता’ येतो, तो असा.

दुसरी युक्ती : बेरीज-वजाबाकीची गाळणी

मोठा स्पीकर, म्हणजे वूफर, खालचे स्वर चांगले काढतो. पण वरचे स्वर त्याच्या जड पडद्याला झेपत नाहीत. लहानसा ट्विटर वरचे स्वर काढतो. पण त्याच्याकडे डग्ग्याचे ठोके पाठवले तर तो जळून जाण्याची भीती. म्हणून आवाजाचे दोन भाग करून ज्याचे त्याला द्यावे लागतात. आकड्यांची गाळणी कशी असते, ते कागदावर करून पाहा.

समजा, आवाजाच्या लागोपाठच्या नोंदी २, ६, ४, ८, ६, १०, ८ अशा आहेत. या रांगेत दोन हालचाली मिसळल्या आहेत : एक सावकाश वर चढण्याची आणि दुसरी भराभर वरखाली होण्याची. प्रत्येक आकड्यात त्याच्या आधीचा आकडा मिळवून निम्मे करा. उत्तरे येतील ४, ५, ६, ७, ८, ९. वरखाली होणे गेले आणि सावकाश चढण तेवढी राहिली. हा झाला वूफरचा वाटा. आता प्रत्येक आकड्यातून आधीचा आकडा वजा करून निम्मे करा. उत्तरे येतील २, उणे १, २, उणे १, २, उणे १. येथे भराभर होणारी हालचाल वर आली. हा झाला ट्विटरचा वाटा.

आता गंमत पाहा. दोन्ही रांगांतील जोडीच्या आकड्यांची बेरीज करा. ४ आणि २ मिळून ६. ५ आणि उणे १ मिळून ४. ६ आणि २ मिळून ८. पहिला आकडा सोडला, तर मूळची रांग जशीच्या तशी परत आली! म्हणजे दोन्ही स्पीकरांचा आवाज हवेत एकत्र झाल्यावर काहीही हरवले नाही. असे का होते, ते बीजगणिताने सिद्ध करणे तुम्हाला अवघड नाही. चालू आकडा ‘अ’ आणि आधीचा ‘ब’ मानून दोन्ही राशींची बेरीज करून पाहा.

प्रत्यक्षातल्या गाळण्या याहून काटेकोर असतात. त्या मागचे आणखी आकडे विचारात घेतात आणि प्रत्येकाला ठरावीक संख्येने गुणतात. नेहमीच्या एका प्रकारच्या गाळणीत प्रत्येक नोंदीसाठी पाच गुणाकार करावे लागतात. अशाच गाळण्यांनी घुमणारा एखादा स्वरपट्टा नेमका कमी करता येतो. कोणता पट्टा कमी करायचा हे ठरवण्यासाठी कारागीर चालकाच्या डोक्याच्या जागी मायक्रोफोन ठेवतो, सगळ्या वारंवारता ठरलेल्या प्रमाणात असलेला सरसर असा आवाज स्पीकरमधून सोडतो आणि गाडीने त्यात काय बदल केला ते पडद्यावरील आलेखात पाहतो.

चार स्पीकर आणि प्रत्येकाला दहा गाळण्या धरल्या, तर गुणाकार किती झाले? ४८,००० × ४ × १० × ५, म्हणजे सेकंदाला ९६ लाख. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची १९८३ साली आलेली टीएमएस ३२०१० ही चिप या जातीच्या पहिल्या प्रसिद्ध चिपांपैकी एक. ती एक गुणाकार २०० नॅनोसेकंदांत करी, म्हणजे सेकंदाला ५० लाख. एकट्या तिला आपली ही मोटार झेपली नसती. आज हे काम एक लहान चिप सहज करते, म्हणूनच ते साध्या मोटारीपर्यंत आले आहे.

तिसरी युक्ती : उणे एक

कधी कधी घाईत एका स्पीकरच्या दोन तारा उलट्या जोडल्या जातात. मग एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि खर्जातील स्वर हवेतच एकमेकांना मारतात. स्पीकर कितीही भारी असले तरी आवाज पोकळ वाटतो. गणित याचा उपाय एका चिन्हाने करते : त्या बाजूचा प्रत्येक आकडा उणे एकने गुणायचा. अर्थात तारा सरळ जोडणे हाच खरा उपाय आणि तो फुकटही आहे. महागडे स्पीकर घेण्याआधी ही एक तपासणी जरूर करून घ्यावी.

गणित कोठे थांबते?

आता या करामतीची दुसरी बाजू. समजा, छतावरून परतलेल्या ध्वनीमुळे एक स्वर चालकाच्या डोक्यापाशी मरतो. तो गाळणीने दहापट वाढवला तर? सरळ आलेला ध्वनी वाढेल. पण छतावरून येणारा त्याचा मारेकरीही तितक्याच पटीने वाढेल. दोघे पुन्हा एकमेकांना मारतील आणि स्वर मेलेलाच राहील. शून्याला कितीनेही गुणले तरी शून्यच.

वाढवण्याला किंमतही पडते. एखादा स्वर १२ डेसिबेलने वाढवायचा, तर त्याला सुमारे १६ पट शक्ती लागते. ती मोटारीत कोठून आणणार? बॅटरी १२ व्होल्टची. साध्या अॅम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या दाबाचा शेंडा १२ व्होल्टपर्यंतच जाणार. त्याचे परिणामी मूल्य सुमारे ८.५ व्होल्ट. स्पीकरचा रोध ४ ओहम धरला, तर शक्ती ८.५ × ८.५ ÷ ४ म्हणजे सुमारे १८ वॉट. इंजिन चालू असताना दाब थोडा जास्त मिळतो, एवढेच. ५ वॉटचा स्वर १६ पट करायला ८० वॉट हवेत. ते नसले की तरंगांचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. म्हणून जाणते कारागीर दबलेला स्वर फार उचलत नाहीत. घुमणारे स्वर खाली आणतात. फाटका पडदा, दारातला सैल पत्रा किंवा मुळातच वाईट ध्वनिमुद्रण यांवर तर कोणत्याही गणिताचा इलाज नाही.

कोणाच्या कानासाठी?

सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. आपण उजव्या स्पीकरला १.७५ मिलिसेकंद थांबवले. चालकाचे सुख झाले. पण डाव्या सीटवर बसलेल्या त्याच्या आईचे काय झाले? डावा स्पीकर तिच्यापासून ९० सेंटिमीटर आणि उजवा १५० सेंटिमीटर दूर होताच. आता उजवा आणखी ६० सेंटिमीटर मागे गेल्यासारखा झाला. फरक ६० चा १२० झाला! तिच्यासाठी गायक डाव्या दारात आणखी पक्का रुतला आणि विरणारा स्वर २८६ हर्ट्झवरून १४३ हर्ट्झच्या आसपास उतरला. दोन सीटांवर दोन वेगळी अंतरे आणि दोन स्पीकर. एकाच उशिराने दोघांचे समाधान होत नाही. म्हणून अनेक यंत्रणांत ‘चालकासाठी’ आणि ‘सर्वांसाठी’ अशा निरनिराळ्या जुळण्या साठवून ठेवतात. ‘सर्वांसाठी’ या जुळणीत कोणालाच उत्तम मिळत नाही. पण कोणाचेच फार बिघडत नाही. चिप दोन्ही गणिते सारख्याच तत्परतेने करते. कोणते करायचे, हे माणसाने ठरवायचे असते.

आवाज किती मोठा ठेवायचा, हेही माणसानेच ठरवायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबेलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानतात; तोच ९० डेसिबेल झाला की ही मर्यादा ४ तासांवर येते. कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. शिवाय बंद काचांत मोठा आवाज असेल, तर मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा चालकाला ऐकू येत नाही. जुळणी चांगली असली की कमी आवाजातही शब्द स्पष्ट कळतात आणि बटण पुढे फिरवण्याची गरज कमी होते. या विद्येचा मोठा फायदा हाच मानला पाहिजे.

करून पाहा

ओळखीच्या कोणाची मोटार उभी असेल, तर परवानगी घेऊन मोजपट्टीने चारही सीटांवरून प्रत्येक स्पीकरचे अंतर मोजा आणि कोष्टक बनवा. प्रत्येक सीटसाठी किती मिलिसेकंद आणि किती नोंदींचा उशीर लागेल ते काढा. मग एक प्रश्न सोडवा : भर उन्हात उभ्या मोटारीत हवा ४५ अंशांपर्यंत तापली, तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५९ मीटर होतो. आपल्या चालकाला आता ८४ ऐवजी किती घरांची रांग लागेल? उत्तर ८० च्या आसपास आले, तर तुमचे गणित बरोबर आहे. शिक्षकांनी हे कोष्टक फळ्यावर घेऊन वर्गालाच विचारावे : चार सीटांसाठी एकच जुळणी ठेवायची असेल, तर ती कोणती ठेवाल आणि का?